सह्यांच्या बुधवारआधीची निरवानिरव

मी, डेलमर रे हॅगुड, वय एकाहत्तर, राहणार पायनी ग्रोव्ह, मिसिसिपी, धंद्याने कॉलेज फुटबॉलचा साहाय्यक प्रशिक्षक, आता निवृत्त, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे, आठवण नको तेवढी चांगली आहे, आणि हा कागद मी कोणाच्या धाकाने किंवा भरीस पडून करत नाही. माझ्या हृदयाची एक झडप कामातून गेली आहे. ती बुधवारी सकाळी सात वाजता बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. हेच वाक्य मला आजवर नऊ मुख्य प्रशिक्षकांनी ऐकवले आणि दर वेळी महिन्याच्या आत मी सामान बांधत होतो.

याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती तीन आहेत, तीन राज्यांतली. माझ्या वकील मिस प्रुडन्स गॅडी यांनी या मसुद्यातला अवांतर मजकूर काढावा असे पुन्हापुन्हा सुचवले. अवांतर काढले तर माझ्याजवळ वाटून द्यायला फारसे काही उरत नाही, म्हणून ते ठेवले आहे.

कलम एक, अंत्यविधी. मी डिसेंबर किंवा जानेवारीत गेलो तर धंद्यातल्या कोणालाही कळवू नये. हा साहाय्यकांच्या नेमणुकांचा हंगाम. एक मुख्य प्रशिक्षक हाकलला की त्याचे दहा साहाय्यक रस्त्यावर येतात आणि दुसऱ्या कोणाच्या तरी दारात उभे राहतात. आमच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या दफनाला मी गेलो होतो. तिथे दोघांना नोकऱ्या लागल्या, आणि तिसरा शवपेटीची कडी धरल्या धरल्या मला विचारत होता, "डेल, तुमच्याकडे एक जागा रिकामी आहे म्हणे?" माझ्या पेटीला असले हात नकोत. चर्चमधल्या बायका बटाट्याचे सॅलड आणतील, तेवढे पुरे.

कलम दोन, हत्यारे. परसातला लोखंडी ढकलगाडा गावच्या शाळेला द्यावा. अडतीस वर्षे मी एवढेच शिकवले: पुढच्या रांगेतल्या, चेंडू ज्यांच्या हाती कधी लागत नाही अशा, तीन-तीनशे पौंडांच्या पोरांनी पाय रोवून समोरच्याला कसे ढकलायचे. शिट्टी शाळेने मागू नये. ती माझी बायको लोरीन हिने केव्हाच फेकून दिली आहे.

भरतीच्या कार्डांचे चार खण लोरीनने जाळावेत. शाळेतली चांगली पोरे हेरायची, त्यांच्या घरी जाऊन बसायचे आणि त्यांना आपल्या कॉलेजकडे वळवायचे, ही भरती; शेवटी एका ठरलेल्या बुधवारी ती पोरे कॉलेजच्या करारावर सह्या करतात. माझ्या कार्डावर पोराची उंची आणि वजन खाली असे, आईचे नाव वर. पोरगा मैदान बघतो, बाप विचारतो टीव्हीवर किती सामने दाखवतात, पण घरात शब्द चालतो तो आईचा. तिने काय रांधले आणि मी कितीदा वाढून घेतले, तेही कार्डावर आहे. मला रताळे डोळ्यांसमोर नको. हे मिसिसिपीतल्या एकाही आईला कळू दिले नाही.

कलम तीन, बक केसिंजर. हे माझे शेवटचे मुख्य प्रशिक्षक. सहा वर्षे मला म्हणत राहिले, "पुढच्या हंगामात बढती तुझीच, डेल." सातव्या वर्षी ती जागा त्यांनी आपल्या जावयाला दिली. जावई वर काचेच्या खोलीत बसून उंटावरून शेळ्या हाकायचा आणि खाली चिखलात उभे राहून शिव्या मी खायचो. तर श्री. केसिंजर यांस मी माझी ती बढती देतो. ती कोरी करकरीत आहे, एकदाही वापरलेली नाही.

कलम चार, शिल्लक. बँकेतले सगळे, ट्रक आणि विम्याचे कागद लोरीनला. विंचवाचे बिऱ्हाड त्याच्या पाठीवर असते, आमचे तिच्या पाठीवर होते. चौदा घरे. नवी नोकरी लागली की मी जानेवारीतच पुढे जाऊन कचेरीतल्या खाटेवर झोपायचो. ती मागे राहून मुलाची शाळा संपवायची, घर विकायची आणि जूनमध्ये येऊन विचारायची, "इथं किती वर्षं?" नवव्या घरापासून तिने पडदे शिवणे सोडून दिले. तिच्या वाट्याला कसलीही अट नाही. घालायची छातीही नाही.

कलम पाच, तळ्याकाठचे घर. हे पंधरावे, आणि यात आम्ही पडदे लावले. ते लोरीन असेपर्यंत तिचे आणि तिच्यानंतर आमचा मुलगा वेड याचे, पण पुढील अटीवर.

वेड चौतीस वर्षांचा आहे. मी नको नको म्हणत असताना माझ्याच धंद्यात शिरला आणि सध्या इथल्या एका कॉलेजात साहाय्यक आहे. गेल्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगला तो जेवायला आला आणि टर्कीच्या ताटावरून तीनदा फोन घ्यायला उठला. चौथ्यांदा उठताना मी त्याची बाही धरली. तेव्हा कळले की त्याने टेनेसीतल्या दुसऱ्या एका कॉलेजाला नोकरीचा होकार दिला आहे.

"छान झालं," मी म्हणालो. "भरती केलेल्या पोरांना कधी सांगतोस?"

"गुरुवारी जाहीर करतील, बाबा. बुधवारी सह्या होऊ देत आधी."

"आणि तो हॅचर्स बेंडचा पोरगा? तो तुझ्या भरवशावर सही करतोय ना?"

"आता काळ बदललाय हो. पोरांना वाटेल तेव्हा कॉलेज बदलता येतं, वर पैसे मिळतात. कोणी अडकून पडत नाही."

"मग आधी सांगायला काय जातं?"

"सांगितलं तर सही नाही करणार ना तो!"

धंद्यातल्या माणसाने इतके सरळ उत्तर द्यावे, हे मी पहिल्यांदाच ऐकले. मी टर्की तशीच ठेवून उठलो.

म्हणून अट अशी. बुधवारी सकाळी सातला सह्या सुरू होतात. त्याच्या आत वेडने त्या पोराच्या आईसमोर स्वतः बसून सांगावे की तो हे कॉलेज सोडून चालला आहे. फोन नाही, निरोप नाही. सह्यांच्या आठवड्यात प्रशिक्षकांना पोरांच्या घरी जायला नियमाने बंदी असते, हे मला ठाऊक आहे. नियम मोडेल, कदाचित नवी नोकरीही जाईल. जाऊ दे. त्याने सांगितले नाही, तर लोरीननंतर हे घर ओडेल टॉलिव्हर, राहणार शेल बायू, मिसिसिपी, यांस मिळावे.

मिस गॅडींनी पेन खाली ठेवून विचारले, "हे ओडेल टॉलिव्हर कोण?" तेव्हा मला ते लिहून देणे भाग पडले.

सन एकोणीसशे चौऱ्याण्णव, जानेवारीचा शेवटचा रविवार. ओडेल तेव्हा अठरा वर्षांचा होता आणि पुढच्या रांगेत त्याच्यासारखे पाय मी पाहिले नव्हते. त्याच्या आईच्या, मिसेस अर्नेस्टीन टॉलिव्हर यांच्या स्वयंपाकघरात मी सातव्यांदा बसलो होतो. त्या म्हणाल्या, "कोच, मला तुमचं मैदानातलं काही कळत नाही. एवढंच सांगा, माझा पोरगा शिकून बाहेर पडेपर्यंत तुम्ही तिथं असाल?" मी म्हणालो, "असेन, बाई." दोन दिवस आधी, शुक्रवारी, मी जॉर्जियातल्या दुसऱ्या कॉलेजाला होकार दिलेला होता. वरून हुकूम होता की सह्या होईपर्यंत ब्र काढायचा नाही. धंद्यात सगळेच असे करत. मीही केले.

बुधवारी ओडेलने सही केली, आणि दोन दिवसांनी मी गाव सोडले. माझ्या जागी आलेल्याला तो मंद वाटला, त्याने त्याला बाकावर बसवून ठेवले. तेव्हा कॉलेज बदलले तर एक वर्ष खेळ बंद असे. दीड वर्षात ओडेल घरी परतला आणि कॅटफिशच्या कारखान्यात लागला. त्याच्या आईचा मला दोनदा फोन आला. दोन्ही वेळा मी लोरीनला सांगायला लावले की मी घरी नाही.

हे सगळे मिस गॅडींनी सोमवारी आपल्या कचेरीत मोठ्याने वाचून दाखवले. मी सहीला पेन उचलले, तर लोरीन म्हणाली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान!"

"आता काय झालं?"

"पोराला म्हणतोस समोर बसून सांग. तू गेलास का एकतीस वर्षांत?"

"घर देतोय ना मी त्यांना?"

"देतोयस, मेल्यावर. म्हणजे तोंड दाखवायला नको."

मिस गॅडी खिडकीबाहेर बघू लागल्या. लोरीनने तिथूनच वेडला फोन लावला. "बापाला गाडी चालवायची मनाई आहे. उद्या सकाळी ये. शेल बायूला न्यायचंय त्यांना." त्यामुळे सोमवारी सही झाली नाही.

सोमवारच्या त्या वाचनापासूनचा सगळा मजकूर मी स्वतःच्या हाताने, मंगळवारी, मिसेस टॉलिव्हर यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहीत आहे. मिस गॅडी आपला शिक्का घेऊन मागच्या गाडीतून आल्या आहेत आणि त्यांना हे सगळे पसंत नाही.

मिसेस टॉलिव्हर आता एकोणऐंशीच्या आहेत. त्यांनी मला लगेच ओळखले. बसा म्हणाल्या, पण काही खायला पुढे केले नाही. मी झडपेपासून सुरुवात केली तर त्या म्हणाल्या, "दुखणी मलाही आहेत, कोच. कामाचं बोला." मग मी शुक्रवार आणि रविवार सांगितला. वेड दाराशी उभा राहून ऐकत होता.

बाई म्हणाल्या, "म्हणजे ओडेलनं काही केलं नव्हतं?"

"नाही, बाई. त्यानं काहीच केलं नव्हतं."

"तो पन्नाशीला आलाय. अजून म्हणतो, आई, कोच बघायला आले त्या दिवशी मी सरावाला उशिरा पोचलो, म्हणून ते नाराज होऊन गेले. एकतीस वर्षं म्हणतोय."

हे मला माहीत नव्हते. मी समजत होतो की मी त्याचा खेळ बुडवला. त्या उशिराचे ओझे तो आजपर्यंत वाहतो आहे हे माझ्या कोणत्याही कार्डावर नव्हते. मला शरम वाटली, आणि ती मी येथे लिहून ठेवतो.

मी त्यांना कलम पाच वाचून दाखवले. त्यांनी हात वर करून मला थांबवले. "तुमच्या पोरानं खोटेपणा केला तरच आम्हाला घर? म्हणजे आता त्यानं तो करावा म्हणून मी देवाला साकडं घालू? नको ते घर. ओडेलचं स्वतःचं आहे, चार खोल्यांचं."

मग त्या वेडकडे वळल्या. "तू काय करणार आहेस?"

"मॅडम, या आठवड्यात आम्हाला पोरांच्या घरी जायला नियमानं बंदी आहे."

"ती तुम्ही गोड बोलून पोरं पळवू नयेत म्हणून. खरं बोलायला कोणी अडवलंय? किती लांब आहे त्याचं गाव?"

"दोन तास."

"मग इथं दार धरून का उभा आहेस?"

वेडने माझ्याकडे बघितले. मी टेबलावरचा कागद पुढे ओढला. माझ्या तोंडचा सल्ला त्याने पुष्कळ ऐकला आहे. तो टोपी घालून निघून गेला आणि जाताना ट्रकही घेऊन गेला, म्हणजे आता मला मिस गॅडींच्या गाडीतून, त्यांची बोलणी खात, तीन तास परत जावे लागणार.

तो हॅचर्स बेंडला गेला की आपल्या घरी, हे मला उद्या सातपूर्वी कळेलच असे नाही. तरीही कलम पाचमधली अट मी आत्ता स्वहस्ते खोडली आहे. घर लोरीननंतर वेडचे, बिनशर्त. घराचे आमिष दाखवून त्याच्याकडून खरे बोलवून घेतले असते, तर ती माझी आणखी एक भरती झाली असती.

मी निघायला उठलो तर बाई म्हणाल्या, "बसा. ओडेलची पाळी तीनला सुटते. त्याला हे मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं." तेव्हा मी बसलो आहे.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला आणि मला मान्य आहे. खाडाखोडीवर माझ्या आद्याक्षरांच्या सह्या आहेत.

मुक्काम शेल बायू, मिसिसिपी. मंगळवार, २ डिसेंबर २०२५, दुपारी तीन वाजून पाच मिनिटे.

(सही) डेलमर रे हॅगुड

साक्षीदार: (सही) प्रुडन्स गॅडी, वकील. खाडाखोड माझ्या सल्ल्याविरुद्ध.

साक्षीदार: (सही) अर्नेस्टीन टॉलिव्हर. यांनी माझ्यासमोर सही केली आणि यांचं डोकं ठिकाणावर आहे, एवढ्याचीच मी साक्ष देते. माफीचं मला विचारू नये, ते ओडेल बघेल. त्याची गाडी आली.