बीला आंबवणी

४ मार्च
कराडहून पिशव्या आणल्या. समुद्राकडची गाडी सकाळी सातला येणार होती, आली साडेदहाला. पिशव्या आधी हौदात तरंगत ठेवल्या, मग सोडल्या. कोळंबीचं बी. पापणीच्या केसाएवढं एकेक. नुसते दोन काळे डोळे पोहतायत असं वाटतं. एवढा प्रवास करून आलं आणि सुटल्या सुटल्या पाण्याच्या धारेला तोंड करून उभं. मी कुंडलहून सांगलीला जाऊन आले तरी डोकं धरून बसते.

आबा (आमचे सासरे) बघायला आले. हौदात बोट बुडवून चाटलं नि थुंकले. "ह्याच चवीनं माजं रान खाल्लं." खालचं रान खारानं पांढरं पडलंय, ऊस सोडा, हराळी धरत नाही. त्याच विहिरीचं पाणी हौदात आहे, वर मी मीठ कालवलंय. क्षार १०, बीला लागतो तेवढा.

"बी म्हंतीस, मग उगवण कवा?"
आवं आबा, हे उगवत नसतं, जगतं.
"बी ते बीच," म्हणाले.

५ मार्च
जम्मूहून ह्यांचा फोन. हे बी जगलं तर खालच्या रानात तळं खणू, नाही तर सुट्टीवर आलो की रान विकायचं. ठरलंय म्हणे. स्पीकर चालू होता, आबा शेजारीच. रात्री जेवले अर्धीच भाकरी.

८ मार्च
पलूसला गेले होते, दुपारी आले तर हौद काठोकाठ. आबा काठावर, पायजमा वर खोचलेला, एकदम खुशीत. पाटाच्या पाण्याची पाळी आली होती. त्यांनी दारं धरलं आणि सरीतून पाणी थेट हौदात घेतलं. गोडं पाणी!

"चार दिस झालं की. आंबवणी द्याय नको व्हय बीला?"

आबा जन्मभर उसाची लागण केली की चौथ्या दिवशी हलकं पाणी, आंबवणी, देत आले. तेच दिलं. मायेनं दिलं. क्षार ४. बी तळाला आडवं पडलेलं, काही पांढरं झालेलं.

मी नको ते बोलले. "तुमी आधी पाणी पाजून पाजून रान घालवलं, आता हे बी घालवा." बोलले ते बोलले. आबांनी पायजमा खाली सोडला.

मग दोघांनी मिळून पिंपात मीठ कालवलं. एकदम ओतलं तर उरलेलंही जाईल, म्हणून तांब्यातांब्यानं. अंधार पडेपर्यंत क्षार ६.

९ मार्च
सकाळी उठून बघते तर आबा आधीच हौदाजवळ, तांब्या घेऊन. थोडं ओततात, थांबतात, बोट चाटतात. मी मापायला गेले तर म्हणाले, "आजून न्हाई." मापलं, ७. दुपारी परत, "थोडं राह्यलं." ९. संध्याकाळी तांब्या पालथा घातला. "झालं. त्या दिशी थुकलो हुतो ती चव आली."

मापलं. १०.

मी आकडा दाखवला. त्यांनी बघितलाही नाही. म्हणाले, विहीर खारी व्हायला लागली तवा रोज सकाळी चाखायचो, आज कमी आसंल म्हणून. कमी कधीच नव्हती. ती चव मी मरेपातूर इसरायचा न्हाई.

ह्या माणसाला मी काय बोलले काल. माफी मागितली तर "जा, च्या ठेव" म्हणाले.

११ मार्च
उरलेलं बी धारेला तोंड करून उभं. लय चिवट जात. आबांनीच आधी बघितलं.

१७ मार्च
हौदावर टरफलं तरंगताना बघितली आणि आबांना हाक मारली. मेली सगळी. आबांनी एक टरफल नखावर घेऊन उन्हात धरलं. "पोकळ हाय की गं. कात टाकलीया." खाली बघितलं तर पोरं चांगली बोटाच्या पेरापर्यंत आलेली. किती उरलीत ते मोजायची छाती होत नाही.

२४ मार्च
हे शनिवारी येणार. स्वतः जाळी टाकून बघणार म्हणे, मगच बोलणार.

आज परत पाळी आली. पाटकऱ्यानं बांधावरून हाक मारली, "आबा, दारं धरा!" आख्ख्या आयुष्यात ह्या माणसानं पाळी चुकवलेली नाही, ताप असला तरी. आबा हौदाच्या कट्ट्यावरून उठलेच नाहीत. "शेजारच्याला दे. आमच्या बीला आंबवणी लागत न्हाई."

पाटाला पाणी सुटलं. आबांनी टॉवेल घेतला आणि दोन्ही कानांवरून गच्च बांधला. ऊन लागतंय का विचारलं.

"न्हाई गं. आवाज आला की हात शिवशिवत्यात."