न आलेल्या कांजिण्या

आई,

मला लहानपणी कांजिण्या आल्याच नव्हत्या. हे मला या दिवाळीत कळलं, तेही अंगभर कांजिण्या उठल्यावर. तुला जाऊन आता चौदा-पंधरा वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत तुझ्याशी भांडायची वेळ कधी आली नाही, आणि गेलेल्या माणसाशी काय भांडायचं, असं मीच इतरांना सांगत आले. आज त्रिपुरी पौर्णिमा. घरातले सगळे राजघाटावर तापीत दिवे सोडायला गेलेत, नणंद, तिचा नवरा, तिची तिन्ही पोरं, सासूबाई, माझा नवरा, माझी मुलगी. घरात तेलाचा वास कोंडलाय. बाळ माझ्या शेजारी झोपलंय आणि मला तुझा इतका राग आलाय की तो कुठं ठेवू ते कळत नाही. म्हणून लिहायला बसले.

पहिल्यापासून सांगते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीला ताप भरला. पाच वर्षांची आहे, शाळेत जाते, कुठून घेऊन आली देव जाणे. याची लस सरकारी दवाखान्यात देत नाहीत, बाहेरून द्यायची ती आज देऊ उद्या देऊ करत राहून गेली. पोटावर पाण्यासारखे फोड दिसले आणि सासूबाईंनी बघताक्षणी हात जोडले. छोटी माता आहे म्हणाल्या. झालं. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला, फोडणी बंद, तळण बंद, चपला बाहेर, कुणी यायचं नाही, कुणी जायचं नाही. तुला हे सगळं माहीत आहे. तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार? माझा धाकटा तेव्हा जेमतेम अडीच महिन्यांचा. मी त्याला घेऊन बाबांकडे मिलच्या गावी जायचं ठरवलं होतं, मुलीला सासूबाई आणि नवरा बघणार होते. माळ्यावरची बॅग काढून मी तिच्यात लंगोट, झबली भरलीसुद्धा होती.

जायच्या आधी मुलीला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी मला विचारलं, तुम्हाला लहानपणी येऊन गेल्यात का? मी म्हटलं, हो, पहिलीत असताना, ऐन दिवाळीत. नक्की ना, म्हणाले. मी हसले. म्हटलं, डॉक्टरसाहेब, आख्ख्या कॉलनीला माहीत आहे, त्या वर्षी आमच्याकडे पणतीसुद्धा लागली नव्हती. मग ते म्हणाले, असं असेल तर बाळाला तुमच्याकडून थोडंफार बळ मिळालेलं असतं, तरी होईल तेवढं वेगळं ठेवा. मी घरी आले. मुलगी बॅग बघून रडायला लागली, मम्मी मत जा ना, नको जाऊ ना, आणि तापानं तिचे ओठ सुकलेले. मी बॅगेतली झबली पुन्हा कपाटात ठेवली. मला तर येऊन गेल्या होत्या.

पुढचे पंधरा दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. नवऱ्याची केळीची कटाई चालू होती. मजूर दिवाळीला आपापल्या गावी निघून जायच्या आधी ट्रक भरून मोकळं व्हायचं, म्हणून तो अंधार असतानाच तुकईथडच्या शेताकडे निघायचा आणि यायचा तो केळीच्या चिकाचे काळे डाग घेऊन. जेवायला काय, तर दहीभात. परत दहीभात. माता घरात असली की दुसरं काय असणार? एकदा मी बाळाला खांद्यावर घेऊन उभी, तो मुलीला औषध पाजतोय, तिनं ते सगळं त्याच्या शर्टावर ओकलं, आणि आम्ही दोघं एकमेकांवर असे ओरडलो की ती पोर घाबरून म्हणाली, पिते, पिते मी. त्या रात्री तो हातात चमचा तसाच धरून भिंतीला टेकून झोपून गेला. मला त्याची दया यायला हवी होती, पण मला हेवा वाटला.

मुलगी बरी झाली. आता निदान दिवाळी तरी धड जाईल म्हणून सासूबाईंनी चकलीची भाजणी दळून आणली, आणि धनत्रयोदशीला सकाळी माझ्या मानेवर फोड. म्हटलं घामोळं असेल. थंडीच्या तोंडावर कसलं घामोळं? दुपारपर्यंत पाठ, छाती, टाळूसुद्धा. आणि खाज. आई, रडू येईल अशी खाज. उलथन्याच्या दांड्यानं पाठ खाजवत ओट्याशी उभी असताना मला पहिल्यांदा वाटलं, हे मला आठवत कसं नाही? त्या दिवाळीचं मला सगळं आठवतं. तू अंगाला फासलेलं गुलाबी औषध, त्याचा वास, खिडकीला बांधलेली तुझी जुनी साडी, बाहेर फुटणाऱ्या लवंगी. खाज तेवढी आठवत नाही. ज्याला एकदा कांजिण्या येऊन गेल्यात तो माणूस दुसरं काहीही विसरेल, खाज विसरणार नाही.

लक्ष्मीपूजनाला बाळाच्या अंगावर उठलं. पाडव्याला त्याला दूध ओढवेना. बरगड्या आत जायला लागल्या, भात्यासारखी छाती वरखाली, आणि रडण्याचा आवाजच बंद झाला. आम्ही त्याला दवाखान्यात नेलं तेव्हा रस्त्यात फटाक्यांचा असा धूर की नवरा गाडी चालवत होता आणि मी पदरानं बाळाचं तोंड झाकून बसले होते. कोपऱ्यातल्या वेगळ्या खोलीत त्याला ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, माझे फोड बघितले, आणि ओरडले वगैरे नाहीत, शांतपणे म्हणाले, तुम्हाला आधी आल्या नव्हत्या बहुतेक. आईला आल्या नसतील तर एवढ्याशा बाळाकडे काही आधार नसतो. मी म्हटलं, नाही हो, आल्या होत्या. मला तेव्हाही खात्री होती. तुझ्यावर असा विश्वास होता माझा.

बाळ वाचेल की नाही, हे दोन दिवस कुणी सांगेना. भाऊबीजेला बाबा बसनं आले. आता गुडघे धरूनच चालतात. त्यांना आत सोडेनात, म्हणून मी बाहेर आले. त्यांनी व्हरांड्यात दोन कप चहा आणून ठेवला होता. मी सहज विचारलं, बाबा, मला कांजिण्या आल्या होत्या ना हो, पहिलीत? ते कपाकडे बघत राहिले. इतका वेळ की मला कळलं.

"नव्हत्या," बाबा म्हणाले. "डास चावले होते तुला."

मग त्यांनी सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी. दरवर्षी त्यांच्या आई, दोन्ही बहिणी, त्यांची पोरंटोरं, सगळे जळगावकडून दिवाळीला आपल्या क्वार्टरवर यायचे. नोकरीवाला मुलगा हाच, मिलची पक्की खोली, नळाला पाणी, मग अजून काय हवं? दोन खोल्यांत तेरा-चौदा माणसं. मला त्या दिवाळ्यांमधली तुझी पाठच आठवते, स्टोव्हसमोरची, घामानं ब्लाउज चिकटलेली. त्या वर्षी माझ्या पोटावर चार फोड दिसले आणि तू बाबांना म्हणालीस, गावी कळवा, माता आल्यात. बाबांनी मिलच्या ऑफिसातून फोन करून कळवलं. आजी लगेच म्हणाली, हो हो, मग नाही येत, तिला त्रास नको, मातेला दुखवू नका. तिला म्हणजे मातेला. तुला नव्हे.

मी विचारलं, आईला झालं काय होतं?

"काही नाही. दमली होती."

"मग तसं सांगायचं ना."

"कुणाला?" बाबा म्हणाले.

मला त्यांच्या हातातला कप भिंतीवर फेकावासा वाटला. तुम्हाला, मी म्हटलं. तुम्हाला सांगायचं होतं. त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, मला सांगितलं होतं तिनं. पण मी माझ्या आईला काय सांगणार होतो, बायको दमली म्हणून? आत माझं लेकरू श्वासासाठी झगडत होतं आणि बाहेर हे म्हातारे गृहस्थ अजून त्यांच्या मेलेल्या आईला घाबरत होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो तू खाल्लास, मान्य. पण त्यातला एक बुक्का इतक्या वर्षांनी माझ्या बाळाच्या छातीवर बसला, त्याचं काय?

त्या दिवाळीबद्दल मी काय काय मनाशी धरून होते, ते तुला कधी कळलंच नाही. मला ती आयुष्यातली सगळ्यात चांगली दिवाळी वाटायची. तू दिवसभर माझ्याजवळ पडलेली असायचीस. साडीच्या पडद्यातून उजेड यायचा, तुझा हात माझ्या छातीवर, मी काहीबाही बोलत राहायची आणि तू हं, हं करायचीस. मी डोळे उघडले की तू असायचीस. फटाके नाहीत, फराळ नाही, मैत्रिणी नाहीत, तरी मला कशाचं वाईट वाटलं नाही, कारण आई माझ्यासाठी बसून आहे. शाळेत निबंधात मी हे लिहिलं होतं आणि बाईंनी वर्गात वाचून दाखवलं होतं. घरी येऊन तुला सांगितलं तेव्हा तू पीठ चाळत होतीस, चाळतच राहिलीस. आता कळतंय. तू माझ्यासाठी नव्हतीस तिथं. तू झोपायला आली होतीस. मी तुझा रजेचा अर्ज होते.

त्याचाही मला इतका राग नाही. खरंच नाही. पोरीला अंगभर औषध फासून का होईना, आठ दिवस पाठ टेकलीस, बरं केलंस. राग याचा आहे की तू मला कधी सांगितलं नाहीस. शेवटी तू महिनाभर अंथरुणावर होतीस. किती काय काय सांगितलंस. पितळी डबा कुणाला द्यायचा, बाबांच्या गोळ्या कुठल्या वेळेला, शिकल्याशिवाय लग्न करू नकोस, लग्नात कुणाला सोनं मागू देऊ नकोस, केस गरम पाण्यानं धुऊ नकोस. केसांचं सांगितलंस. आणि अगं, तुला त्या कांजिण्या नव्हत्या, हे एक वाक्य तुला सांगता आलं नाही. कदाचित तू विसरलीही असशील. मला सगळ्यात जास्त तेच लागतं.

बाळ वाचलं. घरी आलं, खपल्या धरल्या, पडल्या. माझ्याही पडल्या, गालावर दोन खड्डे राहिले. आणि लगेच सासूबाई म्हणाल्या, तुळशीच्या लग्नापर्यंत भाऊबीज चालते, पोरीला बोलवून घेऊ खंडव्याहून, एवढी भाजणी दळून पडलीये, आता चढू दे कढई. बाई वाईट नाहीत त्या. माझ्या मुलीच्या तापात त्यांनीही जागरणं केलीत. सगळे जेवायला बसलो होतो. मी ठरवलं होतं की मी तुझ्यासारखं करणार नाही. मी वाढता वाढता सगळ्यांसमोर म्हटलं, "मी दमलेय. या वर्षी कुणी नको."

सासूबाईंनी हातातला घास परत ताटात ठेवला. "दमायला काय झालं?" म्हणाल्या. "इतके दिवस तर पडूनच होतीस ना?"

नवरा वरणभात कालवत होता, कालवतच राहिला. ताटाकडेच बघत म्हणाला, दोन-तीन दिवसांसाठीच येईल ती. मी त्याच्याकडे बघितलं तर त्याच्या डोळ्यांखाली काळं झालेलं, तोही उभ्या उभ्या पडेल असा, पण बहिणीला नको म्हणणं त्याच्याच्यानं होणार नव्हतं. माता होती तोवर या घरात कुणी साधी फोडणी मागितली नाही. पोरंबाळं, पाहुणे, सण, सगळं तिच्या नावानं थांबलं, एक शब्द न विचारता. आणि मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं तर ते ताटाच्या पलीकडेही गेलं नाही. तुला हे माहीत होतं. मी मात्र खरं बोलून बघायला गेले.

हा कागद काही कुठं पाठवायचा नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. त्याच दुपारी मी बाळाला अंघोळ घालायला घेतलं. आधी खिडकीपाशी नेलं, उजेडात. झबलं काढलं, मांडीवर पालथं घातलं आणि पाठ, बगला, मांड्यांच्या वळ्या, कानामागं, केसांत, सगळं बोटानं चाचपून बघितलं. सासूबाई भाजणी मळत होत्या. त्यांना वाटलं मी डाग बघतेय. म्हणाल्या, जातील गं, लहानपणीचे डाग राहत नाहीत. मी डाग बघत नव्हते, आई. कुठं एखादा ओला फोड उरलाय का ते शोधत होते. एकही नव्हता. आणि मला वाईट वाटलं.