पालथी झोप म्हणणाऱ्या आत्यास

करी रोड, मुंबई
८ ऑगस्ट २०२१

आदरणीय जाईआत्या,

सविनय जयभीम. तुझे गुडघे जरा बरे असतील, सीतारामकाकांचा खोकला गेला असेल आणि गोठ्याचं छप्पर यंदाही टिकलं असेल, अशी आशा करते. आम्ही इकडे तिघं ठीक आहोत. तिसरी म्हणजे माझी मुलगी. तिला आज तीन महिने पूर्ण झाले आणि हे लिहिताना ती माझ्या मांडीवर झोपली आहे, म्हणून अक्षर वाकडं आलं तर ते रागाने आलं असं समजू नकोस. रागाने आलेलं अक्षर पुढच्या ओळीपासून सुरू होतं.

तू घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडलीस, माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पोस्टाचं तिकीट लावावं लागतंय. मी ग्रुपवर काय वाईट लिहिलं होतं? फक्त हात जोडल्याची खूण टाकली. ती तुला कुचकट वाटली. (कुचकटच होती.) पण त्याआधी तू काय म्हणालीस ते आठव. पोरगी आठ दिवसांची होती, व्हिडिओ कॉलवर चौदा माणसं होती, आणि तू म्हणालीस, "पोर वाचली हे तिचं नशीब. आईला शेवटपर्यंत ऑफिसात मिरवायची हौस, तिनेच आणलं असणार घरात." मी तेव्हा टाके सांभाळत एका कुशीवर कलून बसले होते, म्हणून गप्प राहिले. उत्तर द्यायला तीन महिने लागले, पण आता सविस्तर देते.

पहिली गोष्ट, मी मिरवत नव्हते. वॉर्ड ऑफिसात पाणीबिलाच्या खिडकीवर कुणी मिरवायला बसत नाही. आणि तेही मार्चमध्येच बंद झालं होतं. त्यानंतर सव्वा महिना मी या दहा बाय बाराच्या खोलीतून बाहेर पडले ती फक्त संडासाला. आमच्या माळ्यावर चौदा खोल्यांना चार संडास आहेत, त्यातल्या एकाला कडी नाही. आता त्या चारांपैकी कुठल्या दारावर तो विषाणू माझी वाट बघत बसला होता ते मला माहीत नाही. तुला दापोलीत बसून कळलं असेल तर कळव, मी दाराचा नंबर चाळ कमिटीला देते.

मे महिन्याच्या चार तारखेला मला ताप आला. दिवस भरायला चार आठवडे बाकी होते. परळच्या ज्या नर्सिंग होममध्ये माझं नाव घातलं होतं (गुलाबी भिंती, भिंतीवर गुबगुबीत गोऱ्या बाळांचे फोटो, आपल्यातलं एकही नाही) तिथले डॉक्टर हितेंद्र मला आठ महिने 'बेटा' म्हणत होते. आडनाव लिहीत नाही, अब्रूची काळजी त्यांना नसली तरी मला आहे. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि मी एका मिनिटात बेटाची 'पेशंट' झाले. काचेच्या दोन दारांपलीकडून ते हातवारे करून सांगत होते की आमच्याकडे सोय नाही. आम्हाला ऐकू येत नव्हतं, तर त्यांनी कागदावर लिहून तो काचेला चिकटवला. 'सोय नाही' या दोन शब्दांत ऱ्हस्व-दीर्घाची चूक करता येईल असं मला वाटलं नव्हतं, त्यांनी ती केली. हर्षवर्धन तुला माहीतच आहे. धक्का मारणाऱ्यालाच सॉरी म्हणणारा माणूस. तो त्या काचेला म्हणाला, "डॉक्टर, मग आम्ही कुठे जायचं?" आतून डॉक्टरांनी रस्त्याकडे बोट दाखवलं. आत्या, मी पुढच्या शंभर जन्मांवर विश्वास ठेवत नाही, नाहीतर एक जन्म त्या बोटासाठी राखून ठेवला असता.

चाळीत परतेपर्यंत बातमी आमच्या आधी पोचली होती. आमचे भिवाकाका, चाळ कमिटीचे अध्यक्ष, पाठीला फवारणीचा पंप बांधून जिन्यात उभे. त्यांनी जिना फवारला, कठडा फवारला, दार फवारलं, दारात लटकलेली दुधाची पिशवी फवारली, आणि मी वळले तशी माझी पाठही फवारली. दुसऱ्या दिवशी सकाळी तर कहर. यंदाची जयंती घरातल्या घरात झाली, त्यामुळे लाऊडस्पीकर कमिटीच्या खोलीत धूळ खात पडला होता. तो काढून काकांनी घोषणा केली: "रहिवाशांना कळवण्यात येतं की दुसऱ्या माळ्यावर, खोली नंबर चौतीसमध्ये, एका गरोदर बाईला कोरोना झालेला आहे. कुणीही घाबरू नये. बदनामी नको म्हणून आम्ही नाव घेत नाही." अख्ख्या चाळीत गरोदर मी एकटी. पलीकडच्या टॉवरच्या गच्चीवर फिरणाऱ्या माणसांनीसुद्धा वाकून बघितलं. तुझा जावई हर्षवर्धन त्याच टॉवरच्या लिफ्ट दुरुस्त करतो, त्याला त्यांनी त्याच दिवशी 'पुढचं कळवेपर्यंत येऊ नका' म्हणून कळवलं. (हर्षवर्धनची टेस्ट तीनदा झाली, तीनदा निगेटिव्ह. एका खोलीत, एका पंख्याखाली, माझ्या ताटातलं उरलेलं तोच खात होता. विषाणूलाही बाईच सापडते.)

भिवाकाकांना मी मनातल्या मनात दिलेल्या शिव्या तुझ्या भावाने, म्हणजे माझ्या बाबांनी, ऐकल्या असत्या तर मला घराबाहेर काढलं असतं. पण खरं सांगायचं तर त्यांचा धाकटा भाऊ एप्रिलमध्ये गेला. सायन-परळ करत अँब्युलन्समध्येच गेला. तेव्हापासून तो पंप त्यांच्या पाठीवरून उतरलेला नव्हता. या दिवसांत धड राग धरायलासुद्धा माणूस मिळत नाही.

आता तुझ्या व्हिडिओकडे येते. सात तारखेला मला दम लागायला लागला. बोटाला लावायच्या यंत्रावर ब्याण्णव आकडा. मी खाटेवर बसून श्वास मोजतेय आणि फोन किणकिणतोय. तुझा व्हिडिओ: 'पालथं झोपा, ऑक्सिजन वाढवा.' एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा खाली लिहिलेलं, 'अक्षता, ऐकत जा.' आत्या, तुला स्वतःला चार मुलं झाली. नवव्या महिन्यात पालथं कसं झोपतात ते तू एकदा करून दाखव, मी तो व्हिडिओ तुझ्या नावाने अख्ख्या महाराष्ट्रात पाठवते. मी एवढी चिडले की हसायला आलं, हसल्यावर खोकला आला, आणि खोकल्याबरोबर पोटात पहिली कळ आली. म्हणजे माझ्या मुलीला जगात बोलावण्याचा मान तुझ्याकडे जातो. घे तो मान.

अँब्युलन्स आली ती चाळीच्या दाराशी थांबली. दोन माळे मी चालत उतरले, कठड्याला धरून, दर सहा पायऱ्यांना थांबत. प्रत्येक खिडकीत एक तोंड होतं. "काळजी घे गं अक्षता!" असं ओरडून एकेक खिडकी बंद होत होती. हर्षवर्धनला अँब्युलन्सपाशीच थांबवलं. तो माझी पिशवी हातात धरून उभा राहिला आणि पिशवी द्यायची विसरला. म्हणून मी इस्पितळात पोचले ती गाऊन नाही, टॉवेल नाही, फोनचा चार्जर नाही, अशी. नुसती पोट घेऊन.

ते पालिकेचं इस्पितळ. वॉर्डात सगळ्याच माझ्यासारख्या, पोटं पुढे, मास्क तोंडावर. सिस्टर लोक त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पोशाखात. चेहरा दिसत नाही म्हणून छातीवर मार्करने नाव लिहिलेलं. माझ्या सिस्टरच्या छातीवर 'सुचित्रा' होतं. ती बाई सतत ओरडायची. डाव्या कुशीवर झोप म्हणून ओरडायची, पाणी पी म्हणून ओरडायची. मला कळा सुटल्या, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते आणि ही कानाशी ओरडतेय, "मास्क नाकावर! नाकावर गं! नाक खाली लोंबतंय का तुझं?" मी तिला काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ती म्हणाली, "बोल, बोल. आवाज निघतोय म्हणजे श्वास आहे." आठ तारखेच्या दुपारी मुलगी झाली. सव्वादोन किलो. आधी रडलीच नाही. मग रडली. त्या दोन्हींच्या मधे किती वेळ गेला ते मला कुणी विचारू नये.

बाळाची टेस्ट निगेटिव्ह आली आणि तुमची टेस्ट सुरू झाली. मोठ्या काकीचं म्हणणं, पोरीला महिनाभर लांब ठेव. तुझा निरोप, अंगावर पाजू नकोस, दुधातून जातं, गाईचं दूध पाणी घालून दे. मी घाबरून दीड तास पाजलं नाही. ती ओठ हलवत होती आणि मी तुझा निरोप वाचत होते. सुचित्रा सिस्टरने माझ्या हातातून फोन काढून घेतला. "हात धू, मास्क लाव, पाज. दुधातून जातं म्हणणारीला सांग, आईचं दूध हेच तिचं औषध आहे. आणि हा फोन संध्याकाळी मिळेल." आत्या, ती माझी कुणी नव्हती. तिचा चेहरा मी आजही ओळखणार नाही. चौदा नातेवाईक फोनवर होते, त्यात एकही असं बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली की बाळाच्या टाळूचा वास घे, सगळा शीण जातो. मी घेतला. काहीच नाही. टाळू, मान, मुठी, सगळीकडे नाक लावलं. जणू काचेतून वास घेतेय. माझी स्वतःची मुलगी आणि मला तिचा वास नाही! मला त्या क्षणी जेवढा राग आला तेवढा डॉक्टरांचाही आला नव्हता, पण तो धरायला समोर कुणीच नव्हतं. मग मी नुसती रडले. घरी आल्यावरही सहा आठवडे तसंच. केस मुठीने गळत होते, जिन्यात दम लागत होता, बोलता बोलता शब्द हरवायचे ('चमचा' म्हणायला मला एकदा पाच मिनिटं लागली), पण ते सगळं चालेल, वासाचं चालत नव्हतं. जून संपता संपता एका सकाळी अचानक नाकात घाणेरडा, खारट, जळकट वास घुसला. भिवाकाकांकडे सुके बोंबील करपले होते. मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून धावले आणि पोरीच्या मानेत नाक खुपसलं. आंबट दूध, घाम आणि पावडर. ती किंचाळली. मी सोडलं नाही.

मधलं एक राहिलं. इस्पितळातून घरी आलो त्या दिवशी भिवाकाका चाळीच्या दारात हार घेऊन उभे, खिडक्या उघड्या, टाळ्या, आणि लाऊडस्पीकरवर घोषणा की खोली नंबर चौतीसमधल्या भगिनींनी कोरोनावर मात केलेली आहे. मी पोरगी हर्षवर्धनकडे दिली, काकांच्या हातून माईक घेतला आणि म्हणाले, "मी अक्षता. खोली नंबर चौतीस. तुम्ही घेत नाही, मी घेते नाव. ही माझी मुलगी. हिचं नाव अजून ठरलेलं नाही, पण 'कोरोनावाली पोरगी' हे नाही. जो म्हणेल त्याच्या दारात येऊन मी खोकेन." मग दम लागला म्हणून तिथेच पायरीवर बसले. हर्षवर्धन हळूच माईकमध्ये म्हणाला, "सॉरी." भिवाकाकांनी हार माझ्या गळ्यात न घालता पायरीवर ठेवला आणि पंप काढून कठड्याला टेकवला. त्यानंतर दोन आठवडे आमचं दूध, भाजी, कचरा, सगळं तेच वरखाली करत होते. मी आभार मानलेले नाहीत. मानीन कधीतरी.

तर असं मी ऑफिसात मिरवत होते. सीतारामकाकांना जयभीम सांग. तुझे गुडघे मी खरंच मनापासून विचारलेत.

तुझी भाची,
अक्षता

ता.क. हर्षवर्धनने पत्र वाचलं. म्हणतो, आत्या मोठ्या आहेत, सगळ्यात कडू वाक्य तेवढं काढ. मी काढलं. आता उरलंय त्यावरून ते काय असेल याचा अंदाज कर.

ता.क. २. एक गोष्ट वर लिहिली नाही. वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर एक मुलगी होती, घोडपदेवची, पहिलंच बाळंतपण, सातवा महिना. नाव लिहीत नाही. दोन दिवस आम्ही एकमेकींना मास्कमधून काहीबाही सांगून हसवत होतो. तिला तुझा पालथं झोपायचा व्हिडिओ दाखवला तर ती एवढी हसली की सिस्टर ओरडली. तिसऱ्या दिवशी तिला खाली नेलं. बाळ काढलं, ते जगलं. ती नाही.

परवा तुझ्या सुनेने, मनवाने, मला गुपचूप फोन केला. ती पाचव्या महिन्यात आहे, तालुक्याच्या दवाखान्यात गरोदर बायकांना लस मिळायला लागलीय, तिला घ्यायचीय, आणि तू नको म्हणतेस, पोटातल्या बाळाला अपाय होईल म्हणून. आत्या, फेब्रुवारीत ऑफिसच्या सगळ्यांना लस मिळाली तेव्हा मीही रांगेत उभी होते. माझं पोट बघून मला परत पाठवलं, तेव्हा गरोदर बाईला द्यायची परवानगीच नव्हती. आता आहे. मला मिळाली असती तर काय झालं असतं ते मला माहीत नाही. पण दाराशी आलेली वस्तू तू परत पाठवू नकोस. तिच्याबरोबर दवाखान्यात तू जा, डॉक्टरांना सगळं विचार, तुझ्या पद्धतीने उलटतपासणी घे. रांगेत तिला खुर्ची मिळवून दे, ते तुझ्याइतकं कुणालाच जमत नाही. माझ्यावरचा राग माझ्यावरच काढ.

ता.क. ३. हे शेवटचं पान मनवाला दाखवू नकोस, घाबरेल. आधीची खुशाल मोठ्याने वाचून दाखव.