मोहरीची पिशवी

मंगळवार, संध्याकाळ. कोल्हापूर विमानतळ.

विमानाला अजून तास आहे. आई दोन खुर्च्या सोडून बसलीय.

कॅन्सरमध्ये स्तन काढल्यापासून ती तिथं मोहरीची पिशवी शिवून घालते. चार वर्षं तिच्या भजनी मंडळालाही पत्ता नाही. आज तपासणीच्या अर्ध्या उघड्या पडद्याआड पोलीसबाईचा हात त्या पिशवीवर थांबला. आईनं मान खाली घातली. माझं डोकंच सरकलं. रांगेतूनच ओरडले, "अवो, छाती काढलीया तिची! मोहरी हाय ती, बाँब न्हाय!" मागं तिरुपतीला निघालेलं अख्खं मंडळ उभं होतं.

पडदा नीट ओढता येत नाही यांना? मघापासून मी त्या बाईलाच शिव्या घालतेय. शेवटी आई म्हणाली, "तिनं कानातच इचारलं हुतं गं. गावाला तू सांगिटलंस."