आत कोन हाय का

४ नोव्हेंबर, सोमवार
काल भाऊबीज झाली आणि आज मी कामावर! नोकरी म्हणायचं नाही, अप्रेंटिसशिप म्हणायचं. एक वर्ष. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून हात काळे करायला निघालेली आणे गावातली पहिली पोरगी, असं आईनं एसटी सुटेपर्यंत अख्ख्या स्टँडला सांगितलं. मी लाजले नाही, उलट मान ताठ केली.
वारूळवाडीत आक्काबाईंच्या माडीवर खोली मिळालीय. गेल्या गेल्या त्यांनी पिठलं-भाकरी वाढली आणि वर दटावलं, की कारखान्यात कुणी वाकडं बोललं तर गप बसायचं न्हाई. म्हटलं, मावशी, त्याची काळजीच नको.
कारखाना पशुखाद्याचा. गेटातच सरकीचा आणि मळीचा वास नाकात बसतो तो जात नाही. सेफ्टी शूज दोन नंबर मोठे निघाले, पोरींच्या मापाचे आणलेच नव्हते. पुढे कापूस कोंबून घातले. मॅनेजर गोरखसाहेबांनी विचारलं, ऑफिसात बसून फायली लावशील का. मी म्हणाले, फायलीच लावायच्या असत्या तर बी.कॉम. केलं असतं. त्यांना काही ते आवडलं नाही. मला लई आवडलं.

६ नोव्हेंबर, बुधवार
अप्रेंटिस म्हणजे ना धड विद्यार्थी, ना धड कामगार. झाडायला मी, चहा सांगायला मी, आणि बेअरिंग काढायची वेळ आली की म्हणतात, तू जरा बाजूला हो. आज झालेच नाही बाजूला. मशीन चालवणारे भगवंतकाका हसले आणि पाना माझ्याच हातात दिला. वीस वर्षं आहेत ते इथं. त्यांनी शिकवलं तसं कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.
इथला राजा म्हणजे मिक्सर. लोखंडाचा आडवा हौद, पुढं एक झाकण, मागं एक झाकण, आत दांड्यावर पिळाची पाती. मळी पात्यांना चिकटून बसते, म्हणून रोज एकानं आत उतरून ती खरवडायची. चालू करण्याआधी काकांची एक रीत आहे. झाकणावर पान्यानं तीनदा ठोकायचं, ‘आत कोन हाय का?’ अशी हाळी द्यायची, दहा आकडे मोजायचे आणि मगच बटण दाबायचं. कुठल्या पुस्तकात नाही हे. उद्यापासून हाळी मी द्यायची, असं काका म्हणाले. केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

९ नोव्हेंबर, शनिवार
आज गंमत झाली. हाळी दिली, मोजायला लागले आणि सहाला आतून कुणीतरी म्हणालं, ‘हाय.’ पोरगेलासा आवाज, जरा कंटाळलेला. झाकण उघडून बॅटरी मारली तर आत कुणी नाही. लोखंडी हौद आहे, माझ्याच हाळीतला ‘हाय’ घुमून परत आला असणार. काकांना काही ऐकू आलं नाही म्हणे. पण त्यांचा हात बटणावरून मागं आलेला मी पाहिला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार
खात्री करावी म्हणून आज हाळी बदलली. नुसतं ‘आत कोण?’ एवढंच ओरडले. उत्तर आलं, ‘मी हाय की.’
बटण दाबलं नाही. गोरखसाहेब तणतणत आले, बाहेर ट्रक उभे आहेत म्हणाले. मी सांगितलं, आत माणूस आहे. त्यांनी झाकण उघडून पाहिलं, रिकामं. मग हाळी न देता स्वतःच बटण दाबलं. मी डोळे मिटून घेतले. नुसती पाती फिरली.
दुपारी काकांना गाठलं. आधी म्हणाले काय न्हाई, काय न्हाई, आणि मग रडायलाच लागले. गेल्या वर्षीचा अप्रेंटिस, नवनाथ. घोडेगावकडचा. आत खरवडत होता. त्या दिवशीही ट्रक उभे होते आणि साहेबांनी हाळी न देता बटण दाबलं होतं. कागदावर आलं, ‘न सांगता आत गेला.’ साक्षीदार म्हणून काकांनी सही केली. पोरीचं लगीन व्हतं गं, एवढंच म्हणत राहिले.
मला त्यांचा राग आला. कीवही आली. राग जास्त.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
ट्रेनिंगच्या वहीत सगळं लिहिलं. ही वही दर शुक्रवारी साहेबांच्या सहीला जाते. त्यांनी पान फाडलं आणि थंडपणे सांगितलं, की पुन्हा असलं काही लिहिलंस तर सर्टिफिकेटवर सही मिळणार नाही, वर्ष गेलं समज. त्यांच्यासमोर बसूनच पुढच्या पानावर तेच पुन्हा लिहिलं. फाडा म्हणावं. वहीला दोनशे पानं आहेत.
हे एक वर्ष मिळवायला मी काय काय केलंय ते माझं मला माहीत. पण माणूस ‘आहे’ म्हणत असताना मी बटण दाबणार नाही. जाऊ दे वर्ष गेलं तर.

१८ नोव्हेंबर, सोमवार
आज हाळी द्यायच्या आधीच तो बोलला. ‘खरवडायचं राहिलंय. ये ना.’
काका म्हणतात, दुसरीकडं काम बघ, इथनं जा. त्यो आता आपला न्हाई राहिला, वृषाली. लई एकटा पडलाय त्यो. मी त्यांना झापलं. जिवंत होता तेव्हा हाक मारली नाहीत, आता निदान नावं तरी ठेवू नका. वाईट वाटलं त्यांना. वाटू दे.

२१ नोव्हेंबर, गुरुवार
आत उतरले होते. मी खरवडतेय आणि शेजारीही कुणीतरी खरवडतंय. मी थांबले, की तो थांबतो. पण जरा उशिरा.
म्हटलं, नवनाथ, मी घाबरत नाही.
खोटं बोलले. घाबरते. पण उद्याही जाणार.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
भिंतीवर नोटीस लागली. हाळी बंद, वेळ वाया जातो. काकांना सक्तीची रजा. नोटीस मी फाडली. सगळ्यांच्या देखत. कुणी परत चिकटवली नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी साडेदहा
मिक्सरच्या आत बसून लिहितेय. बॅटरी आहे. मिक्सरचे तिन्ही फ्यूज काढून खिशात घातलेत. झाकण आतून ओढून घेतलंय, नाहीतर हाताला धरून बाहेर काढतील. सगळ्यांना सांगूनच उतरले. साहेबांनी स्वतः ठोकावं, हाळी द्यावी, नवनाथ कसा गेला ते कागदावर खरं लिहावं. तोवर हलणार नाही.

अकरा
बाहेर आरडाओरडा. आता शांत. माणसं हाकलली वाटतं. शेजारी तो आहे. मळीचा वास वाढलाय. बस म्हटलं, आपण दोघं मिळून —

सव्वाअकरा
पॅनलचं दार वाजलं. दुसरे फ्यूज लावतायत. लावू देत, आत बाई आहे हे माहीत असताना काय हिंमत —

ठोकलं. तीनदा.
हाळी! गोरखसाहेबांची! आवाज कापतोय त्यांचा. द्यायला लावलीच की नाही! जिंकलो, नवनाथ, आपण —

उत्तर त्यानं दिलं. माझ्या आवाजात. ‘न्हाई साहेब. मी मागनं बाहेर आले.’

साहेब मोजतायत. एक. दोन.

ओरडतेय. आवाज फुटत नाही. तोंड उघडं आहे, आवाज त्याच्याकडं — झाकण हलत नाही. त्यानं धरलंय. लाथ मारली. पुन्हा मारते.

पाच.

मी नाही राहायची इथं. ऐकलंस? नाही राहायची. हे पान फाडून फटीतून बाहेर सारते —

साहेब, बटण दाबू नका. मी वृषाली. मी आत आहे. तो खोटं बोल