एका गावात तीन फ्राउ क्योलर

प्रिय आनेके,

डबा उघडलास की आधी वाटाण्याचं सूप संपव आणि मगच हे वाचायला घे. कोळशाची भट्टी पेटलेली असली की तू फोन उचलत नाहीस हे मला ठाऊक आहे, आणि फोल्कर वरच्या मजल्यावर राहायला आल्यापासून तू या घराची पायरी चढत नाहीस हेही मी बघते आहे. म्हणून पत्र. एवढं लांबलचक पत्र मी यापूर्वी एकदाच लिहिलंय, तुझा सासरा ओटमार सैन्यात होता तेव्हा, आणि त्या बाबानं उत्तरात फक्त तिकडचं हवामान कळवलं होतं. तू तसं करू नकोस.

शनिवारी बेकरीत कळलं की येत्या मंगळवारी तू नोंदणी कार्यालयात जाऊन क्योलर हे नाव सोडणार आहेस आणि माहेरचं हार्म्स परत लावणार आहेस. बेकरीवालीनं राईचा पाव पिशवीत घालता घालता सांगितलं, म्हणजे सगळ्या गावाला कळून झाल्यावर ते सासूपर्यंत पोचलं. तुझ्या आणि फोल्करच्या घटस्फोटाला चार वर्षं झाली, तेव्हा कायद्यानं नाव तुझ्याकडे राहिलं, तूही ते ठेवलंस, कुणाचं काही अडलं नाही. आता अडलंय, कारण शरदात फोल्करचं बिर्टेशी लग्न आहे आणि तिला आपलं नाव लावायचंय. तिला वाईट म्हणू नकोस. ती भांडी घासून ठेवते, माझ्या गुडघ्याची चौकशी करते, आणि आमचं वास मारणारं चीज नाक न धरता खाते. पण परवा जेवताना ती रडकुंडीला आली. म्हणाली, "केस कापायला गेले तरी पहिला प्रश्न ठरलेला, तुम्ही कुठल्या हो, कोळशाच्या की नव्या? एका गावात तीन-तीन फ्राउ क्योलर, तीन-तीन क्योलरबाई! मला काय जन्मभर 'नवी'च म्हणवून घ्यायचंय का?" बिचारीचं चुकलं काही नाही. आणि मग फोल्करनं सांगितलं की तो भट्टीवर येऊन तुला म्हणाला, तुला आता या नावाचं काय करायचंय. त्यावर तू म्हणालीस, "घेऊन जा. दुसऱ्याच्या वस्तू मी सांभाळत बसत नाही."

दुसऱ्याची वस्तू! अगं, ओटमार असता तर त्यानं तुला तिथंच लाकडांच्या ढिगावर बसवून पहिल्यापासून सगळं ऐकवलं असतं. तू ते शंभरदा ऐकलंयस, पण तेव्हा तू एक डोळा धुरावर ठेवून ऐकायचीस, म्हणून मी पुन्हा सांगते. तो म्हणायचा, पूर्वी माणसाला एकच नाव असे आणि त्यात भागत असे. मग गावं वाढली, एका गावात चार हान्स झाले आणि पाद्रीबुवांची पंचाईत झाली. कुठल्या हान्सचं बारसं, कुठल्या हान्सची मयत? तेव्हा लोकांनीच तोड काढली. दळून देणारा तो म्युलर, घोड्याला नाल ठोकणारा तो श्मिट, आणि तो पलीकडे जंगलात झोपडी करून राहणारा, काळ्या तोंडाचा, ज्याच्या शेजारी प्रार्थनेला कुणी बसत नाही, तो क्योलर, कोळसा पाडणारा. नाव कुणी हौसेनं घेतलेलं नाही, शेजाऱ्यांनी ठेवलेलं आहे, आणि बहुधा नाक मुरडूनच. डोंगरात चांदी सापडली, लोखंड सापडलं, ते वितळवायला कोळसा लागायचा, म्हणून जंगल तिथे क्योलर. पुढे सरकारनं नावं पक्की केली. मुलगा शिंपी झाला तरी तो क्योलरच राहिला, त्याचा मुलगा कारकून झाला तरी क्योलर. तुमच्याकडे समुद्रकाठी लोक बापाच्या नावावरून ओळखले जायचे, हार्मचा तो हार्म्स. आमच्या डोंगरात कुणाचा कोण याला किंमत नव्हती, करतोस काय ते विचारायचे.

आणि आता बघ. ओटमारनं एकदा फोल्करकडून संगणकावर देशाचा नकाशा काढून घेतला होता, जिथे क्योलर जास्त तिथे रंग गडद. आपल्या हार्त्स डोंगराभोवती, खाली थुरिंगियात, पलीकडे सॅक्सनीत नुसता काळोख. देशातल्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या शंभर नावांत आपलं नाव बसतं. म्युलर आणि श्मिट सगळ्यात वर, ते ठीकच आहे, पीठ आणि नाल सगळ्यांनाच लागतात. ओटमार ते बघून इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, "एवढे क्योलर देशात, आणि रविवारी मांस भाजायला कोळसा कुठून आणतात? बोटीनं, समुद्रापलीकडून!" नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय. चौकातला तो दातांचा डॉक्टर आठवतोय ना? धुरानं रुग्ण खोकतात, भट्टी बंद करा म्हणून नगरपालिकेत तक्रार नेली होती त्यानं. सही काय केली होती? डॉक्टर क्योलर. त्या दिवशी तू त्याच्याकडे जाऊन अक्कलदाढ काढून घेतलीस आणि खुर्चीत तोंड उघडं ठेवून त्याला त्याच्या नावाचा अर्थ ऐकवत बसलीस, हे मी अजून पाहुण्यांना सांगते. त्याला निम्मंच कळलं असेल, पण तक्रार मागे घेतली हो त्यानं.

तू पहिल्यांदा आलीस तेव्हा तुझ्याबद्दल मी फारसं चांगलं बोलले नव्हते. म्हटलं, सपाट मुलखातली पोर, डोंगरात दम लागायचा तिला. त्याच वसंतात फोल्करनं त्याची पहिली आणि शेवटची भट्टी लावली. लाकडं रचली ओटमारनं, वर पाला आणि माती चढवली तुम्ही दोघांनी, आणि शिडीवर चढून मधल्या धुराड्यात निखारे टाकले फोल्करनं. आपल्या घरचा रिवाज साधा आहे, ज्यानं पेटवली त्यानं शेवटपर्यंत तिच्याजवळ राहायचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. गावकरी जमले, सगळ्यांनी "जाळ चांगला लागो" म्हणून बिअर घेतली. पांढरा दाट धूर गेला, पिवळा तिखट धूर गेला, आणि कोळसा तयार झाल्याची खूण म्हणजे निळा धूर, तो यायला लागायच्या आतच साहेबांचा धीर सुटला. गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणाला आणि फावडं घेऊन ढीग उघडला. आत वारा शिरला. पुढे काय झालं ते मी तुला काय सांगू? सगळं लाकूड आमच्या डोळ्यांदेखत भडकलं आणि राख झालं. ओटमार रिवाजाचा पक्का, बाकावर हात मांडीवर ठेवून बसून राहिला, बादलीला शिवला नाही. फोल्कर पाय आपटत घरी गेला. आणि तू? तू नवी नवरी, पांढरा ब्लाउज, तू मातीच्या पाट्यांवर पाट्या टाकत राहिलीस. तुला रिवाज माहीत नव्हता आणि कुणी सांगायच्या भानगडीत पडलं नाही. भुवया जळलेल्या अवस्थेत तू बाकापाशी आलीस आणि ओटमारला विचारलंस, "निळा धूर कसा ओळखायचा?" त्या दिवसभरात तो हसला तो तेवढाच एकदा.

नंतरची वर्षं तू त्याच्याबरोबर जंगलात काढलीस आणि फोल्करनं ब्राउनश्वाइगमध्ये, कार्यालयात. तुमचा संसार त्यातच विरला असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. तुम्ही दोघं एकमेकांशी फार सभ्यपणे वागायचात, आणि नवरा-बायकोत एवढी सभ्यता मला कधी बरी वाटली नाही. असो, कोळसा उगाळावा तितका काळाच. माझ्या मनात राहिलाय तो घटस्फोटानंतरचा नाताळ. ओटमारची छाती भरलेली, डॉक्टरांनी धुरात जायला बंदी केलेली, आणि त्यानं बदकाच्या ताटावरून जाहीर केलं की भट्ट्यांची जागा तो तुझ्या नावावर करून देतोय. फोल्कर लाल झाला. "बाबा, ती आता आपली राहिलेली नाही. नावाची तेवढी क्योलर आहे." ओटमारनं काटा खाली ठेवला आणि अगदी सावकाश म्हणाला, "पहिल्या क्योलरचा बाप क्योलर नव्हता, पोरा." मग बटाटे मागितले. इतकी वर्षं ते नाव मी माझ्या दारावर वाचत होते आणि हे मला कधी सुचलं नव्हतं. पहिल्याला ते बापाकडून मिळालं नाही, लग्नातही मिळालं नाही. तो जंगलात राहिला, त्यानं आग सांभाळली, आणि शेजारी त्याला तसं म्हणायला लागले. बेकरीवाली तुला काय म्हणते? केशकर्तनालयातली? कोळशाची फ्राउ क्योलर. म्हणजे तेच झालं ना पुन्हा, सहा-सातशे वर्षांनी, आमच्या डोळ्यांसमोर. ओटमार गेला त्या हिवाळ्यात मला सगळ्यात जास्त आधार कशाचा वाटला असेल तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुझा धूर दिसायचा त्याचा. हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही. तू मला पोटच्या पोरीसारखी आहेस असंही म्हणत नाही, कारण मला पोरगी नव्हती आणि ती कशी असते ते मला माहीत नाही. तू मला हवी आहेस, एवढं मला माहीत आहे.

आता हे पत्र का लिहिते आहे ते. मला ते फोल्करनं लिहायला सांगितलंय. परवा रात्री तो माझ्या पलंगाच्या काठावर बसून म्हणाला, "आई, ती फक्त तुझं ऐकते. रागानं नको, समजुतीनं नाव सोड म्हणावं तिला. तू लिही." मी म्हटलं, लिहिते. पण लिहायच्या आधी मी काल सकाळच्या बसनं नोंदणी कार्यालयात जाऊन आले. तिथल्या बाईला वाटलं मी तुझ्या कामाला आले आहे. मी तिला विचारलं, घटस्फोटितेला माहेरचं नाव परत लावता येतं, तसं विधवेला येतं का? येतं म्हणाली. फक्त एक सही. पन्नास वर्षं लावलेलं नाव आहे, आणि ओटमारच्या कबरीशेजारी माझ्या दगडावर वेगळंच नाव कोरावं लागणार हे मनात आलं तेव्हा मी पेन खाली ठेवून थोडा वेळ रडलेही. त्या बाईनं पाणी दिलं. मग विचार केला, मी आयुष्यात एक भट्टी लावलेली नाही. धुरानं माझे डोळे चुरचुरतात. मी जन्मभर गल्ल्यामागे उभी राहून पोती मोजली, गिऱ्हाइकांशी हुज्जत घातली आणि ते मला मनापासून आवडलं. आमच्या माहेरच्या नावाचा अर्थ दुकानदार. म्हणजे शेजाऱ्यांनी बरोबरच ठेवलं होतं म्हणायचं. मी सही केली. बिर्टेला एका गावात तीन फार वाटत होत्या, आता दोनच राहतील, एक घरात आणि एक जंगलात, आणि तेवढ्यांचा घोळ केशकर्तनालयालाही झेपेल. फोल्करला संध्याकाळी सांगेन, त्याला आज कामावर नीट जाऊ दे. मंगळवारी तुला मनापासून हार्म्स व्हायचं असेल तर जरूर जा, तुझ्या बापाचं नाव आहे, चांगलं आहे. पण कुणाला जागा करून द्यायला म्हणून जाऊ नकोस. जागा झाली आहे.

तुझीच, आणि घटस्फोटानं सासू सुटत नाही असं त्या कार्यालयातल्या बाईनंच सांगितलंय,

गेर्लिंडे क्रेमर