अकरा मुलांचं प्रमाणपत्र

हर्सूल, १४ डिसेंबर

तीर्थस्वरूप चतुराअक्कास,

धाकट्या कारभारीचा दंडवत. तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला गेला असेल. नसेल तर त्यांना ताक सोडायला सांग (सोडणार नाहीत, पण सांगितल्याची नोंद राहील). इकडं सगळं ठीक. दीड महिना तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्र न उघडता परत करायचं तर पोस्टापर्यंत चालावं लागतं, आणि तुझा गुडघा पाहता तू तेवढं करणार नाहीस, असा माझा अंदाज आहे.

भाऊबीजेला का आलो नाही, ते सांगतो. तुझ्या भाच्याच्या, ऋतुराजच्या ऑफिसातल्या पोरांनी एक मंडळ काढलं आहे. दर रविवारी माझ्याच घरी जमतात, पोहे खातात आणि जगाचं भलं मोजतात. त्यांचं म्हणणं असं, की कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त जीवांना उपयोग होईल तिथंच भलं करावं; आपला-परका, जवळचा-लांबचा असा भेद धरणं म्हणजे अन्याय. तू हसशील, पण मला हे लगेच पटलं. कृषी खात्यात तीस वर्षं मी पीक कापणी प्रयोग केले. शेतातला दहा मीटर बाय पाच मीटरचा तुकडा कापायचा, दाणे तोलायचे आणि अख्ख्या भागाचं उत्पन्न सांगून मोकळं व्हायचं. शेताचा मालक दरवेळी विचारायचा, "साहेब, पण आमच्या वावराचं काय निघालं?" त्याला सांगायला आमच्या तक्त्यात रकानाच नव्हता. मला त्या माणसाचा राग यायचा.

तर मंडळाच्या हिशोबात तुझी साडी आणि माझं जाणं-येणं मिळून परदेशातल्या अकरा मुलांचं जंताचं औषध होत होतं. एका बाजूला अकरा मुलं, दुसऱ्या बाजूला तू एकटी, त्यातही साड्यांचं कपाट भरलेलं. मी ते पैसे तिकडं भरून तुझ्या नावानं प्रमाणपत्र काढलं आणि कुरिअरनं पिशोरला धाडलं. वर लॅमिनेशनही केलं (त्या खर्चात बारावं मूल बसलं असतं, असं ऋतुराजनं नंतर ऐकवलं).

एवढ्यावर थांबेन तर मी कसला. कोपऱ्यावरचे कमरोद्दीनभाई पंक्चरच्या दुकानाबाहेर रोज रांजण भरून ठेवतात. एवढ्या मेहनतीत दूरदेशी हजार लोकांची सोय होईल, हे मी त्यांना अर्धा तास समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वो सब बराबर है साब, पन तुम्हारा गला सूख गया. पैले पानी पियो." प्यालो. पाणी गार होतं, याचा मला जास्तच राग आला.

मग तुझ्या मेघाचा फोन आला. "मामा, आईनं यंदा चंद्राला ओवाळलं. दिवसभर जेवली नाय. चंद्र मावळला तरी ताट घेऊन गच्चीवर उभी होती." भाऊ आला नाही तर चंद्राला ओवाळतात हे मला ठाऊक आहे, पण ते ज्यांना भाऊ नाही त्यांच्यासाठी. हर्सूलहून पिशोर एसटीनं अडीच तासांवर आहे. लांबच्याला आपलं मानण्यात तू मंडळाच्याही पुढं गेलीस, असं काहीतरी गमतीत लिहिणार होतो, ते राहू दे. अक्का, माझं चुकलं. त्या मुलांना औषध मिळालं याचं मला बरं वाटतं आणि पुढंही मी ते देत राहीन. पण ते तुझ्या ताटातून काढून द्यायला नको होतं. तू नाही म्हणाली असतीस असंही नाही. तुला कोणी विचारलंच नव्हतं.

दाजींना नमस्कार, मेघाला आशीर्वाद.

तुझा,
कारभारी

ता. क. शनिवारी सकाळच्या एसटीनं येतोय. ओवाळायचं की नाही ते तू ठरव. मोरपंखी साडी घेतली आहे. ऋतुराजला 'कांद्याचं बी बघायला जातो' म्हणून सांगितलं आहे, तेव्हा थोडं बी बघून ठेव.

पुन्हा ता. क. तुला कळवलं नव्हतं, पण नोव्हेंबरात मला डेंग्यू झाला होता. नऊ दिवस दवाखान्यात होतो. आता बरा आहे. तिथं पडल्या पडल्या मंडळाचा एक फॉर्म भरला. त्यात प्रश्न होता: 'घरातली माणसं सोडून, आपण नसल्यास किती जणांच्या आयुष्यात फरक पडेल?' बराच वेळ विचार करून मी 'एक' लिहिलं. तुला न विचारताच लिहिलं. आकडा बरोबर असेल तर शनिवारच्या आत एकदा फोन उचल.